जीपचा जुना आवाज

दाजींची जीप मिलिटरीच्या लिलावातली होती. त्यांच्याकडे आली तेव्हाच तिचं वय झालेलं होतं. पेट्रोलचं इंजिन, ताडपत्रीचं छप्पर, हॉर्न कायमचा बंद. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ऐंशीनंतरच्या एका दुष्काळात तामलवाडीच्या बाजूच्या गावांतलं दूध गोळा करून घाटावरच्या शीतकरण केंद्रात पोचवण्याचं काम या जीपकडे होतं. मागे ट्रेलर आणि ट्रेलरमध्ये कॅन. मी तेव्हा सोलापूरच्या एका दैनिकात होतो. दुष्काळाच्या बातम्यांसाठी उस्मानाबाद जिल्ह्यात फिरायचो, मुक्काम बहिणीकडे असायचा आणि बरंचसं फिरणं जीपमधून व्हायचं.

त्या वर्षी दाजींच्या शेतात पेरलेलं उगवलं नव्हतं. घर दुधाच्या फेरीवर चालत होतं, आणि फेरी जाण्याच्या बेतात होती. जीप घाटात दमायची. पहिल्या गिअरमध्ये रांगत वर जाईपर्यंत ऊन चढायचं आणि एखाद्या कॅनमधलं दूध आंबायचं. दूध संघाच्या सचिवांनी दाजींना बोलावून शांतपणे सांगितलं होतं की आंबलेलं दूध असंच येत राहिलं तर ही फेरी टेम्पोवाल्याला द्यावी लागेल.

दमण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. इंजिनचा जळका धूर आधी एका बिडाच्या पेटीत जमतो आणि तिथून सायलेन्सरकडे जातो. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. जीपच्या मॅनिफोल्डला चीर गेली होती आणि त्या चिरेतून धूर बाहेर फुटायचा. त्यामुळे जीप चालताना फट्, फट्, मग एक बारीक शीळ, पुन्हा फट्, असा आवाज करायची. तसा आवाज दुसऱ्या कुठल्याही गाडीचा नव्हता.

सोलापूरच्या एका दुकानदारानं दाजींना यावर उपाय दाखवला. बिडाच्या पेटीऐवजी सुट्या वळवलेल्या नळ्या. प्रत्येक नळी इंजिनमधून स्वतंत्र निघणार आणि पुढे सगळ्या एका तोंडात मिळणार. धूर मोकळा झाला की इंजिन मोकळं होणार आणि जीप घाट हसत चढणार, असं त्याचं म्हणणं. दाजी ते पोत्यात गुंडाळून घेऊन आले.

गॅरेज उस्मानाबादच्या नाक्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये होतं. मिस्त्रींनी पोतं सोडलं आणि एक नळी बोटानं वाजवून पाहिली.

"मालक, ह्याला म्हणायचं काय?"

"हेडर."

"दुकानदारानं सांगितलं का तुमीच बारसं केलं?"

"त्यानंच सांगितलं."

"पंजा हाय हा, पंजा. माझ्या बापानं अशी जीप उघडली, म्या उघडली, पण हिच्यासाठी एवढी आतडी कुणी आणल्याली न्हाईत."

जुनी पेटी सहजासहजी निघाली नाही. नट गंजून एकजीव झाले होते. मिस्त्रींनी त्यांना रॉकेल पाजलं, चहा घेतला, पुन्हा पाजलं. तरी पेटी धरणारा एक स्टड, म्हणजे आट्यांचा खिळा, मोडलाच. त्याचा उरलेला तुकडा कोरून काढून आटे नव्यानं पाडावे लागले. मग नवं पॅकिंग घालून पंजा बसवला, तर एक नळी स्टिअरिंगच्या दांडीला घासायला लागली. मिस्त्रींनी त्या नळीवर ओला कपडा ठेवून हातोडीनं खळगा पाडला. दाजींनी तोंड फिरवलं. नवी वस्तू पहिल्याच दिवशी चेपलेली पाहणं त्यांना जड गेलं असावं.

शेवटी आणखी एक अडचण निघाली. पंज्याचं तोंड रुंद होतं आणि जीपच्या सायलेन्सरचा पाइप अरुंद. भंगाराच्या ढिगात एका जुन्या ट्रकचा सायलेन्सर पडला होता, तो बरोबर जुळला. मिस्त्रींनी तो लटकवला आणि जीप चालू केली. फट् नाही, शीळ नाही. आतून एक जाड, गोल घुमणं आलं. दाजी लहान पोरासारखे हसले.

बहीण दारात उभी राहून म्हणाली, "आवाज बदलला की हिचा. घसा बसल्यावानी वाटतंय."

"घसा बसला न्हाय, सुटलाय," दाजी म्हणाले.

पुढे जे घडलं त्याची संगती मला बरेच दिवस लागली नाही. ती समजायला त्या भागातली दूध काढण्याची रीत सांगायला हवी. फेरीतलं सर्वांत जास्त दूध देणारं गाव एका खिंडीपलीकडे होतं. उन्हाळ्यात काढलेलं दूध घरात ठेवलं की बिघडतं, म्हणून तिथल्या बायका जीपचा आवाज खिंडीत आला की मगच म्हशीखाली बसायच्या. जीप खिंड उतरून आधी पलीकडच्या वस्तीवर जायची. तिथून गावात पारापाशी येईपर्यंत चरव्या भरून रांग लागलेली असायची. घड्याळाचं काम जीपची चीर करत होती, पण ते तेव्हा कोणाच्याच ध्यानात नव्हतं.

नव्या नळ्यांच्या पहिल्या फेरीत जीप वेळेवर पारापाशी पोचली. तिथे चिटपाखरू नव्हतं. माप घेणारा माणूस एकटाच बसला होता.

"बाया कुठं गेल्या?" दाजींनी विचारलं.

"विहिरीवर. टँकर आलाय म्हणं."

टँकर गावाच्या दुसऱ्या अंगाच्या विहिरीत पाणी सोडायचा, आणि आधी पोचेल त्याची घागर भरायची. आम्ही थांबलो. काही वेळानं बायका परत आल्या. घागरी रिकाम्या होत्या आणि चेहरे तापलेले. त्यांच्यात पुढे एक वयस्कर बाई होत्या. त्यांना सगळं गाव मावशी म्हणत असे.

"टँकर कुठं घालवला रं?" त्यांनी दाजींना विचारलं.

"कंचा टँकर, मावशे?"

"आत्ता खिंडीतनं आला की! सगळ्यांनी ऐकला."

"आमी त्याच रस्त्यानं आलो. म्होरं न्हाय, मागं न्हाय, टँकर दिसला न्हाय."

"मग काय सगळं गाव येडं झालं व्हय? का तू दूध न्यायचं सोडून टँकर वळवाय लागलास?"

मागून एक तरुण बाई म्हणाली, "मावशे, कॅन उघडून बघा त्यांचं. त्यात आसंल पाणी."

हशा झाला, पण राग गेला नाही. म्हशी पान्हावून तशाच उभ्या होत्या. काहींनी दूध घाईनं काढून आणलं, बऱ्याच जणींनी आणलंच नाही. जीप घाट छान चढली. दाजींनी मध्ये एकदा दुसरा गिअर टाकून माझ्याकडे पाहिलं. पण उशीर झालाच होता. केंद्रावर एक कॅन परत आला आणि सचिवांनी तो वहीत लिहून ठेवला. ते लिहिणं दाजींना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. गावात आता वेगळी कुजबुज सुरू झाली. टँकर खिंडीपर्यंत येतो आणि कोणीतरी तो दुसरीकडे वळवतं. कोण वळवतं, यावर प्रत्येक गल्लीचं मत वेगळं होतं. सरपंचांनी मला शपथेवर सांगितलं की ते स्वतः आवाज ऐकून धावले होते. टँकर भरायच्या ठिकाणी जाऊन मी ड्रायव्हरला गाठलं.

"म्या त्या गावाला ह्या आठवड्यात गेलोच न्हाय," तो म्हणाला. "गेलो न्हाय तर वळवू काय?"

एका बाजूला अख्खं गाव, दुसऱ्या बाजूला एक ड्रायव्हर. दैनिकाच्या कचेरीत बातमीची वाट पाहत होते. मी ती दिली नाही, कारण मला भेटलेल्या इतक्या साक्षीदारांपैकी टँकर एकानंही पाहिला नव्हता. सगळ्यांनी तो ऐकला होता.

मग मी जीपमध्ये बसायचं सोडलं. संध्याकाळच्या एस.टी.नं त्या गावी जाऊन माप घेणाऱ्याकडे राहिलो आणि सकाळी शाळेच्या पायऱ्यांवर बसलो. तिथून खिंड सरळ दिसायची. थोड्या वेळानं घुमत घुमत आवाज आला. मला स्वतःला टँकरच वाटला, भरलेला, खालच्या गिअरमध्ये येणारा. घरांची दारं वाजली, घागरींचा खणखणाट झाला आणि बायका विहिरीकडे पळाल्या. मी खिंडीवरची नजर हलवली नाही. वर आली ती दाजींची जीप. मला वाटलं, टँकर तिच्या मागे असेल. जीप वस्तीकडे वळली. मागचा रस्ता रिकामा होता आणि आवाजही जीपबरोबर वस्तीकडे गेला.  इतके दिवस त्याच गाडीत बसून मी हा आवाज ऐकत होतो आणि आतून तो कधीच टँकरसारखा वाटला नव्हता.

पारावर मी ते सांगितलं तेव्हा कोणालाच पटेना. दाजींनाही पटेना. शेवटी त्यांनी जीप खिंडीपलीकडे नेऊन परत आणून दाखवली. बायका कान देऊन उभ्या होत्या.

"आगं बया," मावशी म्हणाल्या. "म्हंजी आता घुमलं की म्हशीखाली बसायचं?"

"व्हय. घुमलं की जीप," दाजी म्हणाले.

ठरलं. दोन फेऱ्या वेळेवर झाल्या, तरी रुसलेल्या बायकांनी बरंच दूध घरीच ठेवलं आणि कॅन अर्धेच भरले. मग खरोखरचा टँकर आला. खिंडीत घुमलं आणि गाव म्हशीखाली बसलं. टँकरनं पाणी विहिरीत सोडलं. पलीकडच्या वस्तीवरच्या लोकांना तो डोळ्यांनी दिसला होता, ते आधी पोचले. गावातल्या बायका दोर घेऊन पोचल्या तेव्हा विहिरीत गाळ होता. त्याच सकाळी मागून आमची जीप घुमत आली, तेव्हा हा दुसरा टँकर म्हणून त्या विहिरीवरच थांबल्या.

पारापाशी मावशी रिकाम्या हातांनी आल्या.

"दूध बंद," त्या म्हणाल्या.

"मावशे, आसं नका करू. माझी फेरी जाईल."

"तुजी फेरी जाईल, आमचं पाणी गेलं. तुजी गाडी पयली बोलत व्हती तशी बोलू दे. मग ये कॅन घिऊन."

"पण घाट चढत न्हवती ती."

"घाट तुजा तू बघ. आमाला कळू दे कोण आलंय त्ये."

एवढ्या दुधाशिवाय फेरीला अर्थ नव्हता. दाजी तिथून सरळ गॅरेजवर गेले. मिस्त्रींना सगळं दोनदा सांगावं लागलं.

"पंजा काढू?"

"काढा."

"बरं. मग जुन्याची चीर पितळ भरून बुजवतो. बिडाला वेल्डिंग धरत न्हाय, पण पितळ धरंल."

"चीर बुजवू नका."

"फुटकाच बसवू?"

"फुटकाच."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.  जुनी पेटी बसली, जुना सायलेन्सर ढिगातून निघाला, जीप चालू झाली. फट् आलं, पण शीळ आली नाही. नवं पॅकिंग फार घट्ट बसलं होतं. दाजी शेडच्या बाहेर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, एका कानावर हात धरून. मिस्त्री एक नट सैल करत होते.

"आता?"

"न्हाय. आजून जरा."

"मालक, माझं अर्धं आयुष्य आवाज घालवण्यात गेलं. आवाज आणायला पयलंच गिऱ्हाईक तुमी."

"आता थांबा. आता आली."

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीपेक्षा लवकर, उजाडतानाच खिंडीत शिरलो. फट्, फट्, शीळ, फट्. वस्ती करून पारापाशी आलो तर चरव्यांची रांग लागलेली होती.

"आली व्हय आमची फुटकी," मावशी म्हणाल्या आणि पहिली चरवी त्यांनीच पुढे केली.

कॅन काठोकाठ भरले. घाटात जीप पहिल्या गिअरमध्ये रांगत चढली. अवघड वळणावर मी उतरून ट्रेलरला खांदा दिला. केंद्रावर सचिवांनी प्रत्येक झाकण उघडून वास घेतला. दूध चांगलं होतं. रांग वेळेवर लागली होती आणि आम्ही लवकर निघालो होतो, म्हणून घाटानं खाल्लेला वेळ भरून निघाला. "रोज असंच आणा," एवढंच ते म्हणाले. फेरी राहिली.

पंजा पुढे बरीच वर्षं गोठ्याच्या मेढीला टांगलेला होता. बहीण त्याला दावी अडकवायची. दाजी येता-जाता त्याच्याकडे पाहायचे. फेरी राहिली त्या दिवशी केंद्रावरून परतताना त्यांनी विचारलं होतं, "खरं सांगा पाव्हणं, त्या नळ्यांनी घाट बरा चढत व्हती न्हव?"

"चढत होती."

"मग?"

"पण त्या दिवसांत कॅन अर्धे रिकामे होते, दाजी."

 जीप फट् फट् करत उतरत होती.

"म्हंजी नळ्यांनी चढली, का दूध न्हवतं म्हणून चढली?"