वडाची सोयरीक उंबराशी

आमचे थोरले भाऊजी येसाजी. भिसेगावात सगळे त्यांना सर म्हणतात, कारण जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. शिकवणं सुटलं, खोड काही सुटली नाही. झाड दिसलं की ते कुठल्या गटातलं, हे सांगितल्याशिवाय त्यांना पुढे पाऊल टाकवत नाही. उंची बघू नका, पान बघू नका, फूल बघा म्हणतात. पाकळ्या तीन की पाच ते मोजा, आत चिरून बघा. एकदा पाहुणे जेवत असताना वांगं, बटाटा, मिरची, तंबाखू आणि विषारी धोतरा ही सगळी एकाच गटातली, असं सांगून मोकळे झाले. पाहुण्यांनी वांगं ताटाच्या कडेला सारलं. भाजी मी केली होती.

तरी मी म्हणायचे, असू दे, शिकलेला माणूस. पण माझ्या लेकीच्या, समीक्षाच्या सुपारीला मात्र माझं डोकंच फिरलं.

स्थळ चौक गावचं, गॅरेजवाल्या धाऊशेठचा जितेश. पोरगा रसायनीत कामाला, आणि कशाला लपवू, समीक्षाच्या मनात भरलेला. सुपारी फोडायच्या आधी आमच्यात देवक विचारतात. दोन्ही घरांचं देवक एकच झाड निघालं, तर पोरगा-पोरगी भाऊबहीण, लग्न नाही. आमचं वड, त्यांचं उंबर. जमलं म्हणायचं. धाऊशेठांनी सुपारी हातात घेतली आणि भाऊजींनी घसा खाकरला.

"वड नि उंबर म्हणजे सख्खी भावंडंच की."

एवढ्यावर थांबले तर ते भाऊजी कसले. परसातलं उंबर तोडून आणलं, मधोमध चिरलं आणि दाखवलं, की याची फुलं फळाच्या पोटात असतात, वडाची तशीच, पिंपळाचीही तशीच, म्हणून शास्त्रज्ञ या झाडांना एकत्र धरतात. उंबरातली चिलटं उडून धाऊशेठांच्या चहात पडली.

धाऊशेठांनी सुपारी खाली ठेवली. शास्त्रच असं म्हणतं तर भावाबहिणीचं लग्न कसं लावायचं, म्हणाले. भाऊजी सारवासारव करायला लागले, भावंडं हे आपलं सांगण्यापुरतं. पण उदाहरणं देत गेले आणि दर उदाहरणाला नातं आणखीच जवळ येत गेलं. आतल्या खोलीत समीक्षा रडत होती. मला त्या उंबरासारखं भाऊजींनाच चिरावंसं वाटलं.

तेवढ्यात माझ्या जाऊबाई, भाऊजींच्या सुंदराताई, कप गोळा करायला आल्या. चारचौघांत नवऱ्यापुढे कधी न बोलणारी बाई.

"माज्या म्हायेरचं देवक पिंपळ हाय," त्या म्हणाल्या. "मंग इतकी वर्सं मी तुमची कोण लागते, ते पण सांगा पाव्हण्यांना."

भाऊजींनी चिरलेलं उंबर मुठीत लपवलं. धाऊशेठांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग सुंदराताईंकडे, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसताच त्यांनी सुपारी उचलून फोडली.

पंगतीला वांग्याचीच भाजी होती. भाऊजींनी दोनदा मागून घेतली, धोतऱ्याचं नाव काढलं नाही.