दादाच्या दोन गोळ्या

आमच्या दादाचं सलून आहे. तीन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि समोरचा म्हणेल त्याला 'हो' म्हणायची खोड. गिऱ्हाईक म्हणतं कानावर बारीक करा, सोबत आलेली बायको म्हणते अजिबात नको. दादा दोघांकडे बघून मान डोलावतो. मी त्याची धाकटी बहीण, गल्ल्यावर बसते आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारते.

गेल्या वर्षी त्याचं हृदयाचं दुखणं निघालं. इथल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, पांढरी. परदेशात दिलेली त्याची पोरगी म्हणाली, ती बंद करा, मी इकडची चांगली आणते. मग ती स्वतः पिवळ्या गोळ्या घेऊन येऊ लागली. आठवडाभर राहायची, बापाशी वाद घालायची, त्याच्याकडूनच केस कापून घ्यायची आणि जायची. दादाने आपल्या स्वभावाला धरून तोड काढली: डॉक्टरांसाठी सकाळी पांढरी, पोरीसाठी संध्याकाळी पिवळी. म्हणजे कुणाचंच मन मोडायला नको!

अधूनमधून घेरी यायची, तर म्हणायचा वय झालं. शेवटी एकाची दाढी करताना वस्तरा हातातून निसटला आणि पाठोपाठ दादा खाली बसला. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी पसार झालं. मी दोन्ही खोकी घेऊन औषधांच्या दुकानात गेले. दुकानदारीणबाईंनी बारीक अक्षरं वाचली. देश दोन, कंपन्या दोन, नावं दोन. आत औषध तेच. दादा दुप्पट खात होता, म्हणून नाडी मंदावली होती. डॉक्टर आम्हा दोघांवरही उखडले आणि म्हणाले, कोणतीही घ्या, पण एकच.

दादाला धसका बसला तो वेगळाच. तेच औषध इथे कोपऱ्यावर मिळतं कळल्यावर पोरगी येईल कशाला? तिला सांगू नकोस म्हणून माझ्या विनवण्या करायला लागला. माझं डोकंच फिरलं. फोन लावला आणि त्याच्या हातात कोंबला.

त्याने अडखळत सगळं सांगितलं. पलीकडून रडणं ऐकू आलं.

"एकच आहे ते मला पहिल्यापासून माहीत होतं, बाबा. तुम्ही तिथली बंद केली असेल असं धरून चालले मी. बापाचं औषध पोचवायचंय म्हटलं की सासरी कुणी अडवत नाही. नुसतं भेटायला जाते म्हटलं तर..."

दादाने डोळे पुसले.

"पांढरी बंद केली बघ," तो म्हणाला. "तुझीच घेतो. पण लवकर ये, संपत आल्यात."

पिवळ्या गोळ्यांचं खोकं निम्म्याहून जास्त भरलेलं होतं.