राजवाड्याच्या दारातल्या चपला

सत्तर-बाहत्तरच्या सुमारास साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात कोर्ट भरायचं. शेताच्या बांधावरून धाकट्या चुलत्यांशी दावा चालू होता. त्यासाठी माझे वडील, आबा, वडूजहून यायचे आणि राजवाड्याच्या दारातच चपला काढायचे. मी कॉलेजात होते. भर चौकात मला त्याची लाज वाटायची.

"आवं आबा, आत आता राजा न्हाई," मी एकदा चिडून म्हणाले.

"उंबरा त्योच हाय की."

चुलतेही अनवाणीच आत गेले. पुढची तारीख पडल्यावर आधी तेच बाहेर आले. कुणाचा तरी पाय लागून आबांची एक चप्पल उलटी झाली होती. उलट्या चपलेनं घरात भांडण होतं, असं आमच्याकडं मानतात. चुलत्यांनी वाकून ती हातानं सुलटी केली आणि माझ्याकडं न बघता चौक ओलांडून गेले.

आबा वारले तरी दावा चालूच होता.