हार घातलेला माणूस उतरत नाही

भाऊ गेल्यावर वहिनीने माळा आवरायला काढला. गोणपाटात गुंडाळलेली चार चाकं निघाली. चकचकीत, पाच पाकळ्यांची, रुंद टायरसकट. "भंगारवाल्याला देऊ का, भाऊजी?" तिने विचारलं. आठवडा झाला, मी उत्तर दिलेलं नाही. त्याऐवजी हे लिहीत बसलो आहे.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आम्ही नवागामला राहायचो. वडील पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये, रंगखात्यात. सायकलने जायचे. भावाने एक छोटी सेकंडहँड गाडी घेतली. ती नीट चालत होती, हा तिचा दोष ठरला. उधन्याच्या गॅरेजात तिच्या स्प्रिंगांचे वेढे कापून त्याने तिला खाली बसवलं. मग बारीक चाकं काढून ही बसवली. टायर मडगार्डला घासू लागले, तेव्हा मडगार्डची कड ठोकून आत वळवली. एकेक सोय कमी होत गेली, तसा भावाचा चेहरा उजळत गेला.

मिस्त्रीने गुजरातीत बजावलं होतं, "पाछळ बहु वजन नहीं मुकवानुं, भाई. टायर घसाशे."

घरात वजन नसलेला माणूस मीच. त्यामुळे मागची सीट मला आणि माझ्या पुस्तकाला मिळाली. मावशीला भावाने रिक्षा करून दिली. तिने रिक्षातूनच सुनावलं, "मला काय गव्हाचं पोतं समजलास?"

भावाला खरी आस होती वडिलांची. त्यांनी एकदा गाडीत बसावं, एवढंच. रविवारी वडील सायकल काढायच्या वेळेलाच तो फडकं घेऊन चाकं घासत बसायचा. वडील घंटी वाजवून वाट मागायचे आणि निघून जायचे. एकदाच थांबले. म्हणाले, "हिला बघायला वाकावं लागतं. बसायला काय झोपावं लागेल?"

मग ते निवृत्त झाले. त्यांच्या खात्यात रीत होती: शेवटच्या दिवशी हार घातलेल्या माणसाला वाहनातून घरी पोचवायचं, आणि स्वतःच्या उंबऱ्याआधी त्याने जमिनीला पाय लावायचा नाही. एरवी मिलचा टेम्पो असे. भावाने वडिलांच्या सोबत्यांना आधीच गाठून गाडी कबूल केली. सोबत्यांचा शब्द वडिलांना मोडवेना.

पुढे भाऊ आणि मी. मागे वडील, हार, शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, आणि "मी सोबतीला हवाच" म्हणणारा खात्यातला सर्वांत जाड माणूस. गाडी निघाली तशी टायर मडगार्डला घासू लागले. जळक्या रबराचा वास सुटला. फाटकासमोरच्या गतिरोधकावर गाडीचं पोट टेकलं. चाकं जागच्या जागी फिरू लागली. फारच देखणी दिसत होती.

भाऊ मागे वळून हळूच म्हणाला, "बाबा, जरा उतरता का?"

"अरे, हार घातलाय!" बाहेरून आठ जण ओरडले. "उतरायचं नाही!"

जाड माणूस उतरला. बाकीच्यांनी रंगाने निळ्या झालेल्या हातांनी मडगार्डला, चाकाला, जिथे हात पोचेल तिथे धरून गाडी उचलली आणि पलीकडे ठेवली. नवागामपर्यंत असे सहा गतिरोधक होते, म्हणून सगळे सायकली घेऊन मागोमाग आले.

"उचला रे!"

"म्हाताऱ्याला हलवू नका!"

"मिलमध्ये एवढं उचललं असतं तर सुपरवायझर झालो असतो!"

रस्त्यावरची माणसं विचारत होती, कोण नेता चाललाय. भाऊ स्टिअरिंग धरून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. आरशात वडिलांचा चेहरा मला दिसत होता. त्यावर काहीच नव्हतं.

उंबऱ्यावर पाय ठेवून त्यांनी हार सारखा केला आणि घरच्या अहिराणीत म्हणाले, "पालखी चांगली शे रे तुनी. मंग चाके कसाले लायात?"

सगळी गल्ली हसली. भाऊ सगळ्यांत शेवटी हसला. आत जाता जाता वडील म्हणाले, "रविवारी मावशीकडे जाऊ. येताना तिलाही घेऊ, मागे."

शनिवारी भाऊ उधन्याला जाऊन नव्या स्प्रिंगा आणि जुनी बारीक चाकं बसवून आला. गाडी चारचौघींसारखी दिसू लागली. ती विकेपर्यंत वडील तिच्यातून फिरले. नवी चाकं विकून टाकली, असं भावाने सगळ्यांना सांगितलं होतं.

काल मी ती एकेक करून उजेडात पाहिली. एका चाकाच्या आतल्या कडेला चार निळी बोटं उमटलेली आहेत, मिलच्या रंगाची. दर रविवारी चाकं घासणाऱ्या माणसाने तेवढी पुसलेली नाहीत.