आत्याचा ठेका

गुंडूची आत्या गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायची. तिची शिवण उसवलेली कोणी पाहिली नव्हती. बाई भारी फटकळ. तरुणपणी तापात कान गेले, पण तोंड शाबूत राहिलं, असं ती स्वतःच सांगायची. त्याआधी म्हणे काय गायची! बहिणीच्या गाण्याबद्दल बोलताना गुंडूच्या वडिलांचे डोळे भरून यायचे. कान गेले आणि तिने गाणं सोडलं. "मलाच ऐकू येत नाही, मग लोकांना कशाला छळू?" म्हणाली, विषय संपला. गुंडूने तिचं गाणं एकदाही ऐकलेलं नव्हतं, आणि त्याला ते आयुष्यभर खुपत आलं होतं.

स्वतः गुंडू म्हणजे गाणंवेडा. भाड्याने चालवायच्या गाडीत या पठ्ठ्याने डिकीभर स्पीकर आणि भलामोठा अँप्लिफायर बसवला. मूळची बॅटरी बिचारी त्यापुढे कुठली टिकायला! रोज सकाळी गाडी रुसून बसायची. शेवटी त्याने बॅटरीवाल्याचं दुकान गाठलं. नवं कव्हर चढवायला आत्याही सोबत आली होती.

"इंजिन बंदच ठेवा," बॅटरीवाला म्हणाला. "हेडलाइट लावा आणि गाणं सोडा. बघू दुखणं काय आहे."

आत्याचं म्हणून वडील नेहमी गुणगुणायचे ते गाणं गुंडूने लावलं. समोरच्या भिंतीवर उजेड पडला. ढोलावर थाप पडली की दिवे मंदावायचे, लगेच उजळायचे.

"पाहिलंत? थाप पडली की अँप्लिफायर सगळा करंट ओढून घेतो. दिव्यांना उरतोय कुठे? मोठी बॅटरी घ्या, मी सांगतो."

एवढ्यात बॉनेटवर टकटक सुरू झाली. आत्या! भिंतीकडे टक लावून ती शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाने ठेका धरत होती, आणि एक थाप चुकत नव्हती. कान नसलेली बाई डोळ्यांनी ताल ऐकत होती!

बॅटरीवाला आपल्याच नादात. त्याने झटपट मोठी बॅटरी जोडली. गाण्याने दुकान हादरलं, दिवे मात्र ढिम्म. टकटक थांबली.

"अरे मेल्या, बंद का केलंस?" आत्या ओरडली.

गुंडू बॅटरीवाल्याकडे वळला. "जुनी लावा," तो म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे ना? ती आता मरायला टेकलीय."

"लावा हो!"

जुनी लागली. दिवे पुन्हा थापेसरशी मंदावायला-उजळायला लागले. गुंडू आत्यासमोर उभा राहिला आणि गाण्याचे शब्द ओठांनी म्हणू लागला. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. आणि गायला लागली.

सूर थोडा वाकडा होता, नाही असं नाही. पण काय आवाज तो! भरदार, मोकळा, कुठे लपला होता इतकी वर्षं? बॅटरीवाल्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

दिवे मंद होत गेले. स्पीकर खरखरले आणि गप्प झाले. भिंतीवर अंधार झाला. गुंडूचा जीव खाली-वर. आता थांबणार ही!

ती थांबली नाही. डोळे मिटून, अंगुस्तानाने ठेका देत, पुढचं कडवं गात राहिली.

"मग," बॅटरीवाल्याने हळूच विचारलं, "कुठली देऊ?"

गुंडूने ओठांवर बोट ठेवलं. "थांबा हो. गाणं संपू दे."