पितळी खुंट्या

भावोजींच्या घरात तयार वस्तू येत नाही. पंखा दोन मोडक्या पंख्यांतून झालेला आहे, इस्त्रीची मूठ त्यांनी स्वतः घडवलेली आहे, आणि भिंतीवरचं घड्याळ इतक्या वेळा उघडलंय की आता ते केवळ भिडेखातर चालतं. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळा रस्ता त्यांना मशीनवाले म्हणतो. खाली दुकान, वर दोन खोल्या. तिथे ते, माझी ताई, त्यांची मुलगी आणि लग्नाच्या भानगडीत न पडलेली मी, असे चौघं राहतो. मी दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीत बसते. आजार सांगताना माणसं कशी लाजतात ते दिवसभर बघते. भावोजींना मात्र लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं. स्वतः चुकले तरी ते स्क्रूला नावं ठेवायचे.

मुलगी थेट बापावर गेलेली. चालायला लागल्यापासून दुकानातच वाढली. बॉबिन केस उघडून आतला कचरा काढणं तिला अक्षरओळखीच्या आधी येत होतं. बायका मशीन घेऊन यायच्या आणि तोंडावर सांगायच्या, "मशीनवाले, तुम्ही राहू द्या, पोरीला बघू दे. तिच्या हाताला यश आहे." भावोजी वरवर रागवायचे आणि मग दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला तेच वाक्य ऐकवायचे.

पुढे ही माझी भाची इमारतींचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायला शिकली आणि एका कचेरीने तिला घरून काम करायला घेतलं. आधी काही दिवस काम बघणार, मग कायम करायचं की नाही ते ठरवणार. कॉम्प्युटर तिचा तिने आणायचा. घरातला पहिलाच कॉम्प्युटर, तेव्हा तो तयार घ्यायचा की सुटे भाग आणून घरी जोडायचा, यावर चहा घेता घेता जुंपली.

"तयारच घ्या," मी म्हटलं. "दुकानदार चालवून दाखवतो. बिघडला तर त्याच्या गळ्यात मारता येतो."

"तयार मालात आत काय कोंबलंय ते बघायला कोण जातं?" भावोजी म्हणाले.

भाचीचं मन दोन्हीकडे. "जोडायला मला आवडेल, बाबा. मी व्हिडिओ बघितलेत. पण काम सुरू व्हायला थोडेच दिवस आहेत. नाही चालला तर?"

"मी आहे ना!"

हे शब्द ऐकले की ताई कप उचलून आत जाते. तशी ती गेली, आणि सुटे भाग आणायचं ठरलं.

जोडणीच्या दिवशी टेबलावर धुतलेली चादर अंथरली. भाचीने श्वास रोखून मदरबोर्डवर प्रोसेसर बसवला, रॅम टक् करून दाबली. बघत राहावं अशी तिची बोटं चालत होती. मग मदरबोर्ड पेटीत बसवायची वेळ आली आणि भावोजींनी बाह्या सारल्या. पत्रा आणि स्क्रू म्हटलं की तिथे त्यांचं राज्य. तेवढ्यात खालून गिऱ्हाइकाने हाक मारली म्हणून भाची दुकानात गेली.

पेटीच्या आतल्या पत्र्यावर कारखान्यानेच नखाएवढ्या पितळी खुंट्या बसवलेल्या होत्या. भावोजींनी त्या बघून नाक मुरडलं. शिलाई मशीन टेबलावर सपाट बसलं पाहिजे, बुडाखाली फट राहिली की ते थरथरणार आणि दोरा तोडणार, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा.

"वाहतुकीत हलू नये म्हणून लावतात ही पॅकिंगं," त्यांनी मला समजावलं आणि एकेक खुंटी काढून आपल्या सुट्या स्क्रूंच्या डब्यात टाकली. मदरबोर्ड थेट पत्र्यावर ठेवून आवळला. आता वायरी लावायची त्याची मागची भोकं पेटीच्या पाठीतल्या खिडकीशी जुळेनात, ती खाली गेली. एखादी गोष्ट मापात बसेना तर भावोजी स्वतःचं माप कधी तपासत नाहीत. त्यांनी कानस आणली आणि खिडकी खालच्या कडेने घासून घासून मोठी केली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी कचरा भरत होते.

भाची वर आली तोवर सगळं झाकून तयार होतं. तिने बटण दाबलं. पंखा जेमतेम हलला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग तेही होईना.

भावोजींनी मान वर केली. आवाज चढवला नाही, सहज विचारलं, "प्रोसेसर नीट बसवलास ना?"

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. "मी स्वेटर घातला होता," ती पुटपुटली. "लोकरीने अंगात वीज साचते. भागांना हात लावण्याआधी ती उतरवायची असते. मी विसरले, बाबा."

"बघ, मग," भावोजी म्हणाले.

झालं. खापर कुणाच्या डोक्यावर फुटायचं ते फुटलं. पेटी पलंगाखाली गेली आणि दुसऱ्या दिवशी भावोजी तयार कॉम्प्युटर आणायला निघाले. मला बरोबर घेतलं, कारण तयार वस्तू विकत घेताना एकट्याने दुकानात शिरायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

दुकानात दाराशीच कॉम्प्युटरची एका बाजूने काच असलेली पेटी मांडलेली होती, आतलं सगळं दिसेल अशी. भावोजी सवयीने वाकले. चष्मा लावला. मग वाकलेलेच राहिले. दुकानदार दोनदा "या ना" म्हणाला तरी हलले नाहीत. सरळ झाले तेव्हा त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं होतं.

"पाणी मिळेल का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, अभिमान दुखावला. "तयार वस्तू चावत नाही हो, भावोजी," मी चिडवलं. एरवी माझं एक वाक्य त्यांनी खाली पडू दिलं नसतं. त्या दिवशी ते नुसतं पाणी प्यायले.

संध्याकाळी नवा कॉम्प्युटर सुरू झाला. भाची त्याच्याकडे न बघता बापापुढे उभी राहिली. "माझ्यामुळे दुसरा आणावा लागला. चुकलं माझं, बाबा."

भावोजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे. होतं असं."

किती मोठ्या मनाचा माणूस, असं मी ताईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. आज ते आठवलं की मला माझाच राग येतो, त्यांचा तर येतोच.

भाचीचं काम पक्कं झालं. पण तिचे हात गेले. म्हणजे होते जागच्या जागी, पण कशाला लागेनात. ती दुकानात उतरेनाशी झाली. नव्या कॉम्प्युटरचा पंखा धुळीने घरघरू लागला तर तिने पेटी उघडली नाही, माणूस बोलावला. त्याने झाकण काढून ब्रश फिरवला आणि गेला. भावोजी दारात उभे राहून बघत होते. बल्ब बदलायचा असला तरी ती म्हणायची, "मावशी, तू कर ना." भावोजींचं "मी आहे ना"सुद्धा बंद झालं होतं. जेवताना ते तिच्याकडे बघायचे नाहीत, ताटाकडे बघायचे. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

एका दुपारी समोरची शिंपीणकाकू मशीन उचलून थेट वरच घेऊन आली. भावोजी बाहेर गेले होते आणि तिचं काम अडलं होतं.

"पोरी, बघ गं जरा. दोरा गुंततोय नुसता. तुझ्याशिवाय कुणाला दाखवू?"

"नको, काकू. माझ्या हाताला यश नाही. मी जे लावते ते जळतं."

हसत म्हणाली. विनोद म्हणून कितीतरी वेळा म्हणून झाला असावा, इतका तो गुळगुळीत झाला होता. भावोजी त्याच वेळी जिन्याच्या वरच्या पायरीवर आले होते. मी जिन्यासमोरच बसले होते, म्हणून मला दिसलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मी दवाखान्याच्या खिडकीतल्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. ते आले तसे मागे वळले, खाली गेले आणि स्क्रूंचा डबा घेऊन वर आले. काकू आहे, ती चार घरी सांगेल, याचा त्यांनी विचार केला नाही. डबा टेबलावर पालथा केला आणि बोटाने पितळी खुंट्या वेगळ्या काढल्या.

"मदरबोर्ड यांच्यावर बसतो," ते म्हणाले. "पत्र्याला टेकता कामा नये. टेकला की वीज भलतीकडे जाते. पॅकिंग समजून मी या काढल्या. तुझा स्वेटर नव्हता, काही नव्हतं. मी जाळलं ते."

काकू हळूच खुर्चीत बसली.

"तुम्हाला कधी कळलं?" भाचीने विचारलं.

"दुसरा आणायला गेलो तेव्हा. तिथे काचेतून दिसलं."

तिने एक खुंटी उचलली. "म्हणजे त्या संध्याकाळी मी चुकलं म्हणाले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आणि तुम्ही मला माफ केलंत."

भावोजींना मान वर करता येईना. "जळलंच आहे, आता सांगून काय होणार, असं वाटलं," ते म्हणाले. "मग रोज सांगणं जड होत गेलं. लाज वाटत होती, बाळा. अजून वाटतेय."

ती रडली नाही. उठली आणि पलंगाखालून जुनी पेटी ओढून काढली. झाकण उघडून स्क्रू सोडवले, मदरबोर्ड उचलला. खुंट्या एकेक करून जागी फिरवल्या. पहिली निसटली. भावोजींचा हात आपोआप पुढे आला.

"तुम्ही हात लावू नका."

हात मागे गेला. त्यांनी कोपऱ्यातली बॅटरी घेतली आणि उजेड धरून उभे राहिले. मदरबोर्ड खुंट्यांवर बसला, वायरी लागल्या. मागे बापाने घासून ठेवलेली फट आता उघडी पडली, जिवणी फाटल्यासारखी.

तिने बटण दाबलं. पंखा फिरला. मी तो थांबायची वाट बघत होते. तो थांबला नाही. दिवे लागले, पडद्यावर अक्षरं आली.

"जळलं नव्हतंच," ती म्हणाली. "पत्र्याला टेकलं होतं म्हणून बंद पडत होतं."

ते कळल्यावर भावोजी खाली बसले. दुकानात गेलो त्या दिवशी एक शब्द बोलले असते, तर चहा निवायच्या आत हे झालं असतं. दुसरा कॉम्प्युटर लागला नसता, आणि इतके दिवस पोरीने स्वतःच्या हातांना घाबरून काढले नसते. हे कुणी बोलून दाखवलं नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. माझ्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे.

भाची पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. पण काकूच्या मशीनचा गुंता तिने त्याच दुपारी काढून दिला, आणि हळूहळू दुकानातही उतरू लागली. जुनी पेटी आता खाली असते, भावोजींच्या टेबलाशेजारी. मागची फट बुजवायला त्यांनी पत्र्याची पट्टी कापून ठेवली होती. महिना झाला, ती तशीच पडून आहे.

परवा एक गिऱ्हाईक वाकून बघत होतं. "मशीनवाले, हा तुम्ही जोडला?"

"मुलीने," भावोजी म्हणाले.

"छान जोडलाय. मागे ही फट कशी राहिली?"

भाची शेजारीच बॉबिन साफ करत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले.

"ती माझी," भावोजी म्हणाले.