मंगलाबाईला दाखवायचं इंजिन

नंदुरबारच्या एका जिनिंगमधला लोटन फिटर म्हणजे बोलायला भारी कंजूष माणूस. आणि बायको मंगलाबाई? तिचं बोलणं चालत्या मोटेसारखं, एक रिती झाली की दुसरी भरून वर. तीही त्याच जिनिंगच्या आवारात कापूस निवडायची. पण इंजिनघराच्या दाराशी बाईमाणसाने फिरकायचं नाही, असा तिथला रिवाज. दिवसभर आतून धाप लागल्यासारखा आवाज यायचा आणि संध्याकाळी भाकरी थापताना ती त्या आतल्याबद्दल विचारायची, "मझार काय शे हो? कोनी दमेकरी बांधेल शे का?"

"दखाडसू एखादा दिन," लोटन म्हणायचा.

असं दाखवतो दाखवतो म्हणता दोघांचे केस पिकले. मग एका उन्हाळ्यात मंगलाबाईच्या पायांवर सूज चढली, दम लागू लागला, तिने खाट धरली. डॉक्टर लोटनला ओट्यावर नेऊन म्हणाले, ही दिवाळी बघेल असं वाटत नाही.

आता शब्द पाळायचा तर इंजिनच घरी आणायला हवं होतं. लोटनने साच्यासाठी सागाचे नमुने कोरले आणि जळगावकडच्या एका ओतारखान्यातून सिलिंडर, बैठक, चाक असं सगळं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ओतून आणलं. चाक जेवायच्या ताटाएवढं. जिनिंगने मोडीत काढलेला, पायाने चालवायचा लेथ ओसरीत होताच. ओतलेल्या बिडाचं वरचं कातडं मोठं कडक, त्यात भाजलेली वाळू रुतलेली. वरवर खरवडलं की हत्याराची धार गेलीच म्हणून समजा. पहिला काप खोल घ्यायचा, कातड्याच्या खालून. लोटन पाय मारायचा, काळा भुगा पडत राहायचा.

"तुम्ही सोनार व्हयनात का?" मंगलाबाई खाटेवरून विचारायची.

इंजिनघरातला कोळसेवाला करमसिंग येता-जाता डोकवायचा. "लोटनभाऊ, यानावर कितला कापूस काढशी? उशीभर?"

लोटन पुढचा काप घ्यायचा. सिलिंडर आतून घोटून आरशासारखा झाला, दट्ट्या बसला, बोटाने ढकलला की सुस्कारा टाकत आत जाई.

दसऱ्याला वाफेच्या छोट्या टाकीसकट सगळं जोडून झालं. हळदकुंकू वाहिलं आणि इथेच घात झाला. जिनिंगमध्ये हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या इंजिनच्या चाकावर नारळ फोडायचा मान लोटनचाच. इतक्या वर्षांची सवय, हात तसाच उठला आणि नारळ त्या ताटाएवढ्या चाकावर बसला. बीड ते, वाकणं त्याला माहीत नाही. कडेपासून आतपर्यंत केसासारखी चीर गेली.

"काय व्हयनं?" खाटेवरून आवाज आला.

"काही नही."

"मंग चालू करा ना."

नवं चाक ओतून यायचं म्हणजे महिना. तेवढा वेळ तिच्यापाशी नव्हता. शेवटी लोटनला बैलगाडीचं चाक आठवलं. त्यावर तापवलेली लोखंडी धाव, म्हणजे गोल कडी, चढवतात, ती निवताना चाक आवळून धरते. पण लाकूड दाब सोसतं. बीड सोसेलच असं नाही. कडी जरा लहान झाली असती तर चाकाचे दोन तुकडे.

त्याने कडी घडवली. करमसिंगने भाता ओढला. लाल कडी चाकावर बसली, तशी करमसिंगने रीतीप्रमाणे पाण्याची घागर उचलली. पाण्याच्या झटक्याने बीड तडकलं असतं. लोटनने त्याचं मनगट धरलं.

"पानी नको. आपोआप थंड व्हवू दे."

"मन्हा हात मोडशी," करमसिंग पुटपुटला, पण घागर खाली ठेवली.

दोघे उकिडवे बसून राहिले. कडी लालाची काळी झाली. टक् असा आवाज आला आणि लोटनने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा चाक अखंड होतं. चीर मिटली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने इंजिन खाटेशेजारी पाटावर मांडलं. निखारे घातले, पाणी उकळलं, चाकाला बोट लावलं. दट्ट्या आत गेला, बाहेर आला, चाक फिरू लागलं. मंगलाबाई मान वळवून बराच वेळ बघत राहिली.

"इतलंच?"

"इतलंच. तठलं मोठं शे, बाकी हाईच." लोटनने जिनिंगच्या दिशेने हात केला.

"आनि हाई बाईस्ले दखू देतस नही," ती म्हणाली. हसताना तिला दम लागला.

लोटन निखारे काढायला वाकला.

"ऱ्हाऊ द्या. चालू द्या."

पाणी आटलं की तो पुन्हा भरत होता. दिवेलागणीपर्यंत दोघांत एवढंच चाललं.

त्या हंगामाचा कापूस यायच्या आधी मंगलाबाई गेली. पुढे गावातली माणसं इंजिन बघायला यायची. लोटन ते फडक्यातून सोडत नसे. एकदा करमसिंगनेच आग्रह केला, तेव्हा तो म्हणाला, "जिले दखाडानं व्हतं, तिनी दखी लिधं."